जेवताना पाणी प्यायल्याने पचन खरोखर मंदावते का?

अनघा_सातारा

नमस्कार. घरातील एका मतभेदाच्या निमित्ताने हा धागा काढत आहे. माझ्या सासऱ्यांना कोणीतरी मोबाइलवर एक चित्रफीत पाठवली. जेवणापूर्वी पाऊण तास, जेवताना आणि जेवणानंतर दीड तास पाण्याचा थेंबही घेऊ नये. घेतल्यास जठरातले आम्ल पातळ होते, अग्नी विझतो आणि अन्न पचण्याऐवजी पोटात सडते, असे तीत अतिशय ठामपणे सांगितले आहे. सासऱ्यांनी पंचाहत्तरी ओलांडली आहे, कवळी सैल झाली आहे आणि त्यांना दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी लागते. पूर्वी दोन-चार घासांनंतर ते घोटभर पाणी घेत असत. आता तेही बंद केल्यामुळे घास घशाशी अडतो, दिवसभरात पोटात जाणारे पाणी कमी झाले आहे आणि बद्धकोष्ठाची तक्रार वाढली आहे.

मला त्यांच्याशी वाद घालायचा नाही. त्यांना पटेल असे, शरीराच्या प्रत्यक्ष कामकाजावर आधारलेले उत्तर हवे आहे. जठरात आम्ल मुळात किती असते? पेलाभर पाण्याने ते इतके पातळ होते का, की अन्न पचूच नये? आणि तसे नसेल, तर जेवताना पाणी पिऊन जडपणा येतो असे इतकी माणसे का सांगतात? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

शिरीष_मिरज

अनघाताई, चित्रफितीतील भाषा अतिरंजित असेल, पण मूळ सांगणे जुनेच आहे. ‘भोजनान्ते विषं वारि’ हे वचन आमच्या आजोबांच्या तोंडी नेहमी असे आणि जेवण झाल्यावर लगेच त्यांनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावल्याचे मला आठवत नाही. मीही बरीच वर्षे हा नियम पाळतो. लग्नाच्या पंगतीत भरपेट जेवणावर दोन पेले पाणी झाले, की पोट फुगते, आंबट ढेकर येतात आणि आडवे पडले तर छातीत जळजळते. पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव प्रयोगशाळेत सिद्ध झाला नाही एवढ्या कारणासाठी टाकून द्यावा, असे मला वाटत नाही.

तन्वी_ठाणे

वाचत आहे. आमच्या सोसायटीत हाच नियम काही घरांतून मुलांनाही लावला जातो आणि मुले डब्यातील कोरडी पोळी-भाजी अर्धवट टाकून परत आणतात.

शरीरक्रिया

अनघाताई, मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवतो. तुमचा प्रश्न महत्त्वाचा आहे, म्हणून जरा तपशिलात लिहितो.

त्या चित्रफितीमागे एक गृहीतक आहे. जठर म्हणजे ठरावीक माप आम्ल भरून ठेवलेली बरणी आहे आणि तीत पाणी ओतले की आम्लाचा जोर गेला, असे ते मानते. प्रत्यक्षात उपाशी जठरात रस अगदी थोडा असतो. जेवणाचा वास आला, ताट दिसले, पहिला घास तोंडात गेला, की मेंदूकडून व्हेगस या चेतेमार्फत जठराच्या ग्रंथींना आदेश जातो आणि रस पाझरू लागतो. अन्न पोहोचून जठराची भिंत ताणली गेली, की तो वाढतो. प्रथिनांचे अर्धवट पचलेले तुकडे जठराच्या खालच्या भागातील पेशींना जाणवले, की त्या गॅस्ट्रिन हे संप्रेरक रक्तात सोडतात आणि तो आणखी वाढतो. आम्लता पुरेशी झाली, की सोमॅटोस्टॅटिन हे दुसरे संप्रेरक त्याला आवर घालते. अशा रीतीने दिवसाकाठी सुमारे २ लिटर जठररस तयार होतो. जठर हे मागणीप्रमाणे रस पुरवणारे इंद्रिय आहे आणि मागणी किती आहे हे ते सतत तपासत असते.

आता पातळ होण्याचा हिशेब पाहू. उपाशी जठरातील आम्लता पीएच १ ते २ च्या आसपास असते. पीएच ही आम्लता मोजण्याची दशपटीची मोजपट्टी आहे; आकडा जितका लहान, तितके आम्ल तीव्र. आम्लाइतकेच पाणी त्यात मिसळले, तर पीएच जेमतेम ०.३ ने वाढतो. तो पूर्ण १ ने वाढायला द्रव दहापट व्हावा लागतो. याउलट वरण, दूध, अंडी, मांस यांतील प्रथिने आम्ल शोषून घेतात आणि चांगल्या जेवणानंतर जठरातील पीएच ४ ते ५ पर्यंत सहज चढतो. म्हणजे आम्लाचा जोर सर्वांत जास्त कमी करते ते स्वतः अन्न. पुढच्या तास-दोन तासांत जठर आणखी आम्ल सोडून ही आम्लता पूर्ववत करते. जे इंद्रिय अख्ख्या जेवणाचा परिणाम भरून काढते, ते पेलाभर पाण्यापुढे हतबल होईल, हे मला तर्काला धरून वाटत नाही.

शिवाय पाणी जठरात फार वेळ राहतही नाही. नुसत्या पाण्यापैकी निम्मे साधारण १० ते २० मिनिटांत पुढे सरकते, तर घन जेवणाचा निम्मा भाग पुढे जायला दोन तासांच्या आसपास लागतात. जठराच्या शेवटी पायलोरस नावाचे स्नायूंचे कडे असते. ते घन अन्नाचे कण एक-दोन मिलिमीटरपर्यंत बारीक होईपर्यंत त्यांना मागे ढकलून पुन्हा घुसळायला लावते. पाण्याला मात्र वाट देते. जेवणाने भरलेल्या जठरातही पाणी त्याच्या आतल्या, कमी वक्र बाजूने अन्नाला वळसा घालून पुढे जाते, असे एमआरआयच्या प्रतिमांत दिसले आहे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पचनाचे मुख्य काम जठरात होतच नाही. ते लहान आतड्यात होते आणि तेथे आम्ल चालत नाही. आम्लयुक्त अन्न लहान आतड्याच्या पहिल्या भागात उतरले, की स्वादुपिंड बायकार्बोनेटचा रस सोडून ते आम्ल निष्प्रभ करते आणि मगच पिष्ट, प्रथिने व स्निग्ध पदार्थ तोडणारी विकरे नीट काम करतात. जे आम्ल शरीर स्वतःच काही वेळाने संपवून टाकते, ते घोटभर पाण्याने थोडे सौम्य झाले तर अन्न सडेल, ही भीती निराधार आहे.

मुग्धा_आहार

शरीरक्रिया यांचा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला आहे. आहाराच्या बाजूने एक मुद्दा जोडते.

पाण्याविना जेवण असे जे आपण म्हणतो, ते मुळात अस्तित्वातच नाही. शिजलेल्या भातात वजनाने दोन-तृतीयांशाहून जास्त पाणी असते. साध्या वरणात त्याहूनही जास्त, काकडीच्या कोशिंबिरीत तर सुमारे ९५ टक्के. ताकाची वाटी, सोलकढी, आमटी, टोमॅटोचे सार हे सगळे पाणीच आहे. वाटीभर आमटी ओरपून मग पाण्याचा पेला बाजूला सारणाऱ्या माणसाच्या जठराला या दोन द्रवांतील फरक फारसा कळत नाही. भाकरी ही मात्र भातापेक्षा बरीच कोरडी असते आणि म्हणूनच भाकरी खाणाऱ्या माणसाला कालवण, ताक किंवा पाणी यांची गरज अधिक असते. देशावर भाकरी आमटीत कुस्करून खातात त्यात केवळ चवीचा भाग नाही. दात नसलेल्या माणसाला तो घास गिळता येतो.

शिरीष_मिरज

शरीरक्रिया, आपण दिलेली माहिती नवीन आहे आणि ती मी आदराने वाचली. तरी माझ्या अनुभवाचे उत्तर त्यात मिळाले नाही. आम्ल पातळ होत नसेल, तर मला जडपणा आणि जळजळ का होते? आणि आपल्या पूर्वजांनी जेवणानंतरच्या पाण्याला विष का म्हटले असावे?

वैद्य_चिपळूण

शिरीषराव, दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करते. आपण जे वचन सांगितले, ते आयुर्वेदाच्या संहितेतले नाही. चाणक्यनीतीच्या नावाने चालणाऱ्या श्लोकाचा तो शेवटचा चरण आहे आणि त्याच श्लोकात त्याच्या आधी ‘भोजने चामृतं वारि’ असे म्हटले आहे. जेवतानाचे पाणी अमृतासमान आहे, असे जो श्लोक सांगतो, त्याचा अर्धाच भाग घराघरांत पोहोचला.

वाग्भटाच्या अष्टांगहृदयात याविषयी अधिक नेमके मार्गदर्शन आहे. पोटाचे चार भाग कल्पावेत, दोन अन्नाने भरावेत, एक द्रवाने भरावा आणि चौथा वायूसाठी मोकळा ठेवावा, असे सूत्रस्थानात सांगितले आहे. जेवणाच्या आरंभी पाणी प्यायल्यास शरीर कृश होते, शेवटी प्यायल्यास स्थूल होते आणि मध्ये प्यायल्यास सम राहते, असेही तेथे म्हटले आहे. याखेरीज अनुपान म्हणजे जेवणाबरोबर घ्यायचे द्रव, हा स्वतंत्र विषय आहे आणि ते अन्नाचा घट्ट गोळा सैल करते, भिजवते व पचायला मदत करते, असे त्याचे गुण दिले आहेत. मंदाग्नी किंवा काही विशिष्ट विकार असलेल्यांना पाणी बेताने घ्यायला सांगतात, हे खरे. पण सरसकट सर्वांना जेवताना पाणी निषिद्ध आहे, असे आयुर्वेदाच्या नावावर सांगणे हा त्या शास्त्रावर अन्याय आहे आणि मला त्याचे मनापासून वाईट वाटते.

आपल्याकडे पानावर बसल्यावर चित्राहुती घालून आपोशन घेण्याची रीत होती. जेवणाच्या आरंभी आणि शेवटी तळहातावरचे पाणी प्राशन करायचे असा तो विधी आहे. त्याचा हेतू धार्मिक आहे आणि पाण्याचे प्रमाणही अल्प असते, म्हणून त्यावरून आहाराचा नियम काढता येणार नाही. तरीही जेवणाच्या दोन्ही टोकांना पाण्याचा स्पर्शही वर्ज्य होता, असे कोणी म्हणत असेल, तर ही रीत त्याच्या विरुद्ध साक्ष देते.

शरीरक्रिया

शिरीषराव, आपला अनुभव खोटा आहे असे मी म्हणत नाही. त्याचे कारण आम्ल पातळ होण्यात नाही, एवढेच माझे म्हणणे आहे. रिकामे जठर मुठीएवढे असते आणि जेवताना ते सैलावून एक ते दीड लिटरपर्यंत अन्न सामावून घेते. पंगतीत जिलेबी-मठ्ठ्यासह ते आधीच काठोकाठ भरलेले असताना आणखी अर्धा लिटर द्रव आत गेला, की भिंत अधिक ताणली जाते आणि तो ताण म्हणजेच आपल्याला जाणवणारा जडपणा. अन्ननलिका आणि जठर यांच्या सांध्यावरचे स्नायूंचे कडे अशा ताणाने वारंवार सैल पडते, आम्ल वर येते आणि छातीत जळजळते. त्यातच लगेच आडवे झाले, की गुरुत्वाकर्षणाची मदतही जाते. म्हणजे आपल्या त्रासात आम्ल कमी पडलेले नाही, ते चुकीच्या जागी पोहोचले आहे. आम्लपित्ताचा असा त्रास असलेल्यांनी जेवणावर एकदम भरपूर पाणी न पिता ते थोडे-थोडे घ्यावे, हा सल्ला योग्यच आहे. आपण पाळलेला नियम आपल्याला मानवला, याचे कारण हे असावे.

नेहा_ब्रिस्बेन

येथे एक अपवाद नोंदवते. माझ्या जवळच्या नातेवाइकांची वजन कमी करण्यासाठी जठराचा आकार लहान करण्याची शस्त्रक्रिया झाली. त्यांना जेवण आणि पाणी यांत सुमारे अर्ध्या तासाचे अंतर ठेवायला डॉक्टरांनी बजावून सांगितले आहे. तेथेही कारण जागेचेच आहे: उरलेल्या लहानशा जठरात पाणी भरले, तर आवश्यक प्रथिने खाता येत नाहीत. असा एखाद्या रुग्णगटासाठीचा सल्ला तुटक स्वरूपात पसरतो आणि पुढे तो सर्वांसाठीचा नियम होऊन बसतो, अशी मला शंका येते.

दत्ता_लातूर

गार पाण्याचे काय? तुपातली पुरणपोळी खाऊन वर फ्रिजमधले पाणी प्यायले, की तूप पोटात गोठते, असे आमच्याकडे सर्रास म्हणतात.

शरीरक्रिया

दत्ताजी, गार पाणी जठरात पोहोचल्यावर काही मिनिटांतच शरीराच्या तापमानाच्या जवळ येते. अतिशय गार द्रवाने जठराचे रिकामे होणे सुरुवातीला किंचित मंदावते, पण तो परिणाम तात्पुरता असतो. शरीराचे तापमान ३७ अंश सेल्सिअस आहे आणि तूप त्याहून कमी तापमानालाच वितळते, त्यामुळे ते पोटात गोठून राहू शकत नाही. तुपाचे पचन मुख्यतः पुढे लहान आतड्यात होते. तेथे पित्ताशयातून आलेले पित्त त्याचे अतिसूक्ष्म थेंब करते आणि मग स्वादुपिंडाचे लायपेज हे विकर त्यांवर काम करते. हे पित्तातील क्षारही वाया जात नाहीत. लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून त्यांतील सुमारे ९५ टक्के पुन्हा शोषले जाऊन यकृताकडे परततात.

विज्ञानवाट

जठर आधीपासून रस साठवून ठेवत नाही, ही गोष्ट पहिल्यांदा कशी कळली, तो इतिहास या धाग्यात यायला हवा.

६ जून १८२२ रोजी, आज अमेरिकेच्या मिशिगन राज्यात असलेल्या मॅकिनॅक बेटावर अलेक्सी सेंट मार्टिन या तरुण फ्रेंच-कॅनेडियन मजुराला अगदी जवळून बंदुकीचे छरे लागले. लष्करी शल्यचिकित्सक विल्यम बोमाँट यांनी त्याच्यावर उपचार केले. तो वाचला, पण पोटाच्या कातडीतून थेट जठरात उघडणारे भोक कायमचे राहिले. बोमाँट यांनी १८२५ पासून त्या भोकातून रेशमी दोऱ्याला बांधलेले मांस, पाव, कोबी असे पदार्थ आत सोडून ते किती वेळात विरघळतात, हे पाहायला सुरुवात केली. जठररस बाहेर काढून, बाटलीत कोमट ठेवून त्यातही मांस विरघळते का, हे तपासले. १८३३ मध्ये त्यांनी २३८ प्रयोगांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या.

या धाग्याच्या प्रश्नाशी त्यांचे दोन निष्कर्ष थेट जोडलेले आहेत. उपाशी जठरात जठररस साचून राहत नाही, अन्न आल्यावर तो पाझरतो, हा पहिला. पाण्यावर जठररसाची काही क्रिया होत नाही आणि ते जठरातून लवकरच पुढे निघून जाते, हा दुसरा. दोनशे वर्षांपूर्वी उघड्या डोळ्यांनी पाहून ठेवलेली ही गोष्ट आजच्या चित्रफिती नाकारतात, हे खेदाचे आहे.

या इतिहासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सेंट मार्टिन गरीब होता, उपजीविकेसाठी बोमाँट यांच्यावर अवलंबून होता आणि या प्रयोगांत त्याला वेदना व अवमान सोसावे लागले. तो अनेकदा निघून गेला आणि पैशाच्या गरजेपायी परत आला. १८८० मध्ये तो वारला, तेव्हा डॉक्टरांनी शरीर पुन्हा तपासायला घेऊ नये म्हणून कुटुंबीयांनी मुद्दाम दफन लांबवले. आपल्या पाठ्यपुस्तकांत बोमाँट यांचे नाव येते तेथे त्याचेही नाव यावे, असे मला फार वाटते.

शरीरक्रिया

विज्ञानवाट, फार चांगली भर घातलीत. पुढचा टप्पा इव्हान पावलॉव्ह यांचा. त्यांनी कुत्र्यांच्या अन्ननलिकेवर शस्त्रक्रिया करून, गिळलेले अन्न जठरात न पोहोचताही जठररस पाझरतो, हे दाखवले. पचनावरील या कामासाठी त्यांना १९०४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याआधी १९०२ मध्ये लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांनी लहान आतड्याच्या एका भागाच्या चेता तोडून त्यात आम्ल सोडले, तरी स्वादुपिंडाचा रस वाहू लागला. आतड्यातून रक्तात जाणारा तो रासायनिक निरोप म्हणजे सिक्रेटिन, ओळखले गेलेले पहिले संप्रेरक. आम्ल आल्याची वर्दी पोहोचताच ते निष्प्रभ करण्याची व्यवस्था सुरू होते, हे मी वर लिहिले, त्याचा हा पुरावा.

सुहास_नागपूर

एक भाबडी शंका. लहान आतड्याचा पृष्ठभाग टेनिसच्या मैदानाएवढा असतो, असे शाळेत शिकलो होतो. एवढ्या पृष्ठभागावर पेलाभर पाण्याचा काय परिणाम होणार?

विज्ञानवाट

सुहास, टेनिसच्या मैदानाचा दाखला अजूनही सर्वत्र सापडतो, पण २०१४ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी नव्याने मोजमाप केले, तेव्हा संपूर्ण पचनमार्गाच्या अस्तराचा पृष्ठभाग सुमारे ३२ चौरस मीटर भरला, म्हणजे बॅडमिंटनच्या मैदानाच्या निम्म्याहून कमी. तरीही तो पोटात मावणाऱ्या एका नळीसाठी थक्क करणाराच आहे. आतड्याच्या घड्या, त्यांवरील अंकुर आणि त्या अंकुरांवरील पेशींचे सूक्ष्मांकुर यांमुळे तो एवढा वाढतो आणि हे अस्तर दर तीन ते पाच दिवसांत नवे होते.

शरीरक्रिया

सुहास यांच्या प्रश्नाचा रोख मात्र बरोबर आहे आणि त्यावरून या साऱ्या चर्चेतला मला सर्वांत निर्णायक वाटणारा हिशेब मांडतो. दिवसभरात आपण खाण्यापिण्यातून साधारण २ लिटर पाणी घेतो. त्याच काळात शरीर स्वतःहून पचनमार्गात जे रस ओतते, त्यांत लाळ एक ते दीड लिटर, जठररस सुमारे दोन, स्वादुपिंडाचा रस सुमारे दीड, पित्त अर्धा ते एक आणि आतड्याचा स्वतःचा रस एक लिटर किंवा अधिक, असे मिळून जवळपास ७ लिटर होतात. म्हणजे रोज सुमारे ९ लिटर द्रव या मार्गाने जातो. त्यातला बहुतेक भाग लहान आतडे परत शोषून घेते, उरलेल्यातला बराचसा मोठे आतडे घेते आणि शौचावाटे जेमतेम १०० ते २०० मिलिलिटर बाहेर पडते. पचन ही मुळात पाण्यात होणारी क्रिया आहे. पिष्ट, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ यांचे रेणू तोडताना प्रत्येक जोड सुटायला पाण्याचा एक रेणू खर्च होतो. पाण्याला पचनाचा शत्रू ठरवणे हे या व्यवस्थेच्या अगदी उलटे आहे.

रानवाटा_भोर

थोडे अवांतर. वाल, पावटे, मटकी यांनी गॅस होतो तो जठरातला की आतड्यातला? पाण्यामुळे गॅस वाढतो, असे आमच्याकडे म्हणतात.

मुग्धा_आहार

तो मोठ्या आतड्यातला. कडधान्यांत रॅफिनोज, स्टॅकिओज यांसारख्या शर्करा असतात आणि त्या तोडणारे विकर माणसाच्या लहान आतड्यात नाही. त्या जशाच्या तशा मोठ्या आतड्यात पोहोचतात, तेथील जिवाणू त्यांना आंबवतात आणि हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड व काही जणांत मिथेन तयार होतो. जेवताना प्यायलेल्या पाण्याचा यात काही भाग नाही. उलट कडधान्य रात्रभर भिजवून ते पाणी फेकून दिले आणि मोड आणले, तर या शर्करा कमी होतात. वालाचे बिरडे करताना मोड आणून सोलण्याचा जो खटाटोप आपल्याकडे करतात, त्याचा हा एक मोठा फायदा आहे.

अनघा_सातारा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. नऊ लिटरांचा हिशेब आणि वाग्भटाचा दाखला हे दोन्ही मी सासऱ्यांना वाचून दाखवले. वाग्भटाने त्यांचे अधिक समाधान झाले, हे मोकळेपणाने सांगते. त्यांनी जेवताना ताक आणि घोटभर पाणी घ्यायचे मान्य केले आहे. बद्धकोष्ठासाठी आणखी काय करावे, आणि घास अडण्याची तक्रार वयामुळे आहे असे समजून सोडून द्यावी का?

शरीरक्रिया

सोडून देऊ नका. कोरडा घास पाण्याअभावी अडत असेल, तर पाणी सुरू झाल्यावर तो त्रास थांबायला हवा. तरीही घास अडत राहिला, वजन उतरू लागले, जेवताना ठसका लागू लागला किंवा पातळ पदार्थही गिळायला त्रास झाला, तर या वयात डॉक्टरांकडून तपासणी लवकर करून घ्यावी. सैल कवळीही नीट करून घ्या. पचनाचा पहिला टप्पा चावण्याचा आहे आणि तो सुटला, तर पुढच्या सर्वांवर भार पडतो.

बद्धकोष्ठाविषयी असे, की ज्वारीतील तंतुमय भाग पाणी धरून ठेवतो आणि त्यामुळे मल मऊ राहतो, पण त्याला धरायला पाणी मिळाले पाहिजे. ते कमी पडले, तर मोठे आतडे मलातील पाणी ओढून घेते आणि तो कडक होतो. दिवसभर पाणी विभागून घ्यावे. सकाळच्या चहा-नाश्त्यानंतर मोठ्या आतड्याची हालचाल आपोआप वाढते, म्हणून ती वेळ टाळू नये. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारासाठी पाण्यावर बंधन घातलेले असेल, तर मात्र त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच प्रमाण ठरवा.

शिरीष_मिरज

जागेचा आणि आडवे पडण्याचा मुद्दा मला पटला. जेवणानंतर लगेच भरपूर पाणी न पिण्याचा माझा नियम मी चालू ठेवीन, कारण तो मला मानवतो. पण घरातील इतरांना त्याची सक्ती करणार नाही. आता एक शंका. पाणी इतके सहज शोषले जाते, तर जुलाब झाल्यावर नुसते पाणी का पुरत नाही?

आशा_पालघर

शिरीषदादा, मी आरोग्यसेविका आहे आणि हा प्रश्न मला वाड्या-पाड्यांवर नेहमी विचारला जातो. लहान आतड्याच्या अस्तरात सोडियम आणि ग्लुकोज यांना जोडीने आत घेणारी व्यवस्था असते आणि त्या दोघांच्या मागे पाणी ओढले जाते. कॉलरासारख्या आजारात आतड्यातून पाणी बाहेर लोटले जात असतानाही ही जोडव्यवस्था शाबूत राहते. म्हणून मीठ आणि साखर योग्य प्रमाणात असलेली जलसंजीवनी शोषली जाते, तर नुसत्या पाण्याने गेलेले क्षार भरून निघत नाहीत.

१९७१ मध्ये बांगलादेश मुक्तियुद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला आणि शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचे पाणी पिंपांतून तोंडावाटे द्यायला सुरुवात केली आणि ते पाजण्याचे काम नातेवाइकांवर सोपवले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

तन्वी_ठाणे

आशाताई, घरी पाकीट नसेल तर प्रमाण काय घ्यावे?

आशा_पालघर

उकळून थंड केलेले १ लिटर पाणी, त्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा शिगोशीग भरू नये, कारण मीठ जास्त झाले तर लहान मुलांना ते धोक्याचे ठरते, आणि साखर जास्त झाली तर जुलाब वाढतात. चव डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागली, तर ते टाकून नव्याने करावे. तान्ह्या बाळाचे अंगावरचे दूध चालूच ठेवावे. मूल सुस्त झाले, लघवी कमी झाली किंवा शौचातून रक्त पडले, तर घरी थांबू नये. केलेले पाणी चोवीस तासांत संपवावे आणि उरले तर फेकून द्यावे. अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात पाकीट विनामूल्य मिळते, तेव्हा ते दोन-चार आणून घरात ठेवावे. मापाची चूक होण्याचा प्रश्नच राहत नाही.